दिवसा येणारी झोप कुणी मोजायची?

दुपारी एक ते चार दुकाने बंद ठेवणारे शहर ही पुण्याची ओळख इतकी पक्की आहे, की २०१७ साली चितळे बंधूंनी आपली दुकाने दुपारीही उघडी ठेवायचे ठरवले तेव्हा त्याची राष्ट्रीय वृत्तपत्रांत बातमी झाली. या ओळखीचा एक परिणाम मात्र फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. दिवसा झोप येणे हा आपण स्वभावाचा भाग मानू लागलो. जो डुलक्या घेतो तो आळशी, नाहीतर निवांत. दोन्हींपैकी काहीही ठरवले तरी त्याला डॉक्टरकडे न्यावे असे कुणाच्या मनात येत नाही. अंगात कणकण वाटली तर आपण थर्मामीटर शोधतो, ‘मला तसा ताप वाटत नाही’ यावर भागवत नाही. झोपेच्या बाबतीत मात्र ज्याला झोप येते त्याच्याच शब्दावर सगळा कारभार चालतो, आणि नेमका तोच माणूस या बाबतीत सर्वांत कमी भरवशाचा साक्षीदार असतो. दिवसाची अति झोप हे लक्षण आहे, ते मोजता येते आणि ते मोजायला दुसऱ्याची मदत लागते, एवढेच मला या लेखात पटवून द्यायचे आहे.

आधी दुपारच्या झोपेला तिचे न्याय्य स्थान देऊ. आपली झोप दोन यंत्रणा मिळून चालवतात. ही मांडणी स्वित्झर्लंडचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि ती आजही टिकून आहे. जागेपणाच्या प्रत्येक तासाबरोबर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेचा दाब वाढतो, ही पहिली यंत्रणा. दुसरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेले, उजेडाने जुळवले जाणारे चोवीस तासांचे घड्याळ. ते दिवसा या दाबाविरुद्ध आपल्याला जागे ठेवते. दुपारी एक ते चारच्या सुमारास दाब बराच वाढलेला असतो आणि घड्याळाचा जोर थोडा ओसरलेला असतो, म्हणून डोळे जड होतात. हे जेवणामुळे होते असा समज आहे, पण न जेवलेल्या माणसातही ही उतरती कळा दिसते. भरपेट भात ती वाढवतो एवढेच. म्हणजे दुपारी वीस मिनिटे आडवे होऊन ताजेतवाने उठणाऱ्या माणसात काही बिघाड नाही. आपल्या जुन्या वैद्यकानेही इथे भेद केलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायात ग्रीष्म ऋतूत दिवसा झोपायला मुभा आहे; लहान मुले, वृद्ध, आजारी आणि दमलेल्या माणसांना ती एरवीही आहे; मेद वाढलेल्यांना मात्र दिवसा झोपू नका असे बजावले आहे. अतिस्थूल आणि अतिकृश शरीराची चर्चा आणि झोपेची चर्चा त्या ग्रंथात एकाच अध्यायात येते, हे पुढे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गडबड सुरू होते ती झोप या खिडकीच्या बाहेर येऊ लागली की. सकाळी दहाच्या बैठकीत, बोलता बोलता, सिग्नलला थांबल्यावर, किंवा रात्री पुरेशी झोपूनही. अशा वेळी पहिला संशय साध्या अपुऱ्या झोपेवर घ्यायचा, कारण सर्वाधिक लोकांत कारण तेच निघते. पुण्यात तर त्याची सोयच केलेली आहे. सदाशिव आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची मुले मध्यरात्रीनंतरही बसलेली असतात. हिंजवडी, मगरपट्टा, खराडीतल्या कित्येक टीम अमेरिकेच्या घड्याळावर चालतात. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आठवड्याला पाळी बदलते. यातल्या कुणालाही विचारा, ‘सवय झाली आहे’ हे उत्तर येईल. ते खोटे बोलत नसतात, पण त्यांचा अंदाज चुकलेला असतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॅन डाँगेन, डिंजेस आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठच तास अंथरुणात राहू दिले आणि त्यांची एकाग्रता मोजत राहिले. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली आणि शेवटी एक ते दोन अख्ख्या रात्री जागलेल्या माणसाच्या पातळीला पोचली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ‘किती झोप येते आहे’ या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे काही दिवसांतच स्थिरावली. चुका वाढतच होत्या, पण आपण सावरलो आहोत असे त्यांना वाटत होते. सवय झाली होती ती झोपाळलेपण न जाणवण्याची.

यावर ‘मला पाच तास पुरतात’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कमी झोपेवर खरोखर ठणठणीत राहणारी माणसे असतात. अशा एका कुटुंबात जनुकातला विशिष्ट बदल सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्धही झाले. पण ती फारच थोडी आहेत, आणि आपण त्यांतले आहोत का हे घरच्या घरी पडताळता येते. सुटीच्या दिवशी गजर न लावता जो आठ-नऊ तास झोपतो त्याला पाच तास पुरत नाहीत. जो खरा कमी झोपणारा आहे तो रविवारीही पाच तासांनीच उठतो. पुरत नसेल तर उपाय महागडा नाही, पण सोपाही नाही: दोन ते तीन आठवडे ठरल्या वेळी झोपून ठरल्या वेळी उठायचे, रोज सात-आठ तास द्यायचे, आणि दिवसाची झोप गेली का ते पाहायचे. चहा-कॉफीने हे काम होत नाही. कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवते, साठा कमी करत नाही. शिवाय त्याचा निम्मा भाग पाचेक तासांनंतरही रक्तात असतो, त्यामुळे सहाच्या चहाची किंमत अकरा वाजता मोजावी लागते.

तीन आठवडे नीट झोपूनही फरक पडला नाही तर मोजणीकडे वळायचे. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. ते ज्या रुग्णालयात काम करत त्याच्यावरून तिला एपवर्थ मापनश्रेणी म्हणतात. आठ प्रसंग दिलेले असतात: बसून वाचताना, टीव्ही पाहताना, सभागृहात किंवा बैठकीत स्वस्थ बसल्यावर, तासभराच्या प्रवासात गाडीत मागे बसल्यावर, दुपारी आडवे झाल्यावर, कुणाशी बसून बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, आणि रहदारीत गाडी काही मिनिटे थांबल्यावर. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन अशी मांडायची. एकूण चोवीसपैकी दहाच्या वर गुण गेले तर झोप वाजवीपेक्षा जास्त. पुणेकराच्या नेहमीच्या हरकतीला या आकड्यांतच उत्तर आहे. दुपारी हमखास झोपणारा माणूस आडवे होण्याचे तीन आणि जेवणानंतर बसण्याचे तीन असे सहाच गुण मिळवतो. दहा ओलांडायला त्याला आणखी कुठेतरी झोप लागावी लागते, आणि ती कुठे लागते हाच तपासाचा विषय आहे. ही प्रश्नावलीही माणसाच्या स्वतःच्याच सांगण्यावर उभी आहे हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ती दोनदा भरावी: एकदा त्याने, एकदा त्याच्याबरोबर राहणाऱ्याने. दोन्हींत मोठा फरक पडला तर दुसऱ्या कागदाला अधिक वजन द्यावे असे माझे मत आहे.

इथेच थकवा आणि झोप वेगळे करायला हवेत, कारण डॉक्टरसमोर दोन्हींचे वर्णन आपण एकाच वाक्यात करतो. गळून गेल्यासारखे वाटते, पण आडवे झाले तरी झोप लागत नाही, तो थकवा. त्याची मुळे बहुधा रक्तात, थायरॉइडमध्ये किंवा मनाच्या उदासीत असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. पुणे आणि परिसरातल्या पुरुषांच्या अभ्यासात केईएम रुग्णालयाच्या संशोधकांना दोन-तृतीयांश लोकांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता दिसली. तेव्हा साध्या रक्ततपासण्या आधी कराव्यात. औषधांची यादीही पाहावी. सर्दी-खाजेच्या कित्येक गोळ्या आणि मनोविकारांवरची काही औषधे दिवसाही झापड आणतात. पण ज्याला बसल्या बसल्या खरोखर झोप लागते, त्याचा शोध रात्रीत घ्यावा लागतो.

रात्रीत सर्वाधिक वेळा सापडतो तो झोपेतला श्वासरोध, ज्याला डॉक्टर स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि काही माणसांत श्वासमार्ग आक्रसतो किंवा पूर्ण मिटतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त काळ हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, माणूस मोठ्याने श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी यातले काहीही आठवत नाही. तासाला पाचपर्यंत असे खंड दुर्लक्ष करण्याजोगे असतात. तीस किंवा अधिक झाले की आजार तीव्र. आठ तास अंथरुणात पडलेल्या अशा माणसाची झोप शेकडो ठिकाणी तुटलेली असते आणि तो मनापासून सांगतो की मी पडल्या पडल्या घोरायला लागतो, इतकी गाढ झोप आहे. घोरणे हे गाढ झोपेचे चिन्ह मानणे हा आपल्या घराघरांतला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची रात्रीची झोप नोंदवली. १९.५ टक्क्यांत झोपेतला श्वास बिघडलेला होता, आणि त्याबरोबर दिवसा झोप येणारे ७.५ टक्के होते. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती. देशभरातल्या पाहण्या एकत्र करून दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०२३ मध्ये काढलेला अंदाज प्रौढांच्या सुमारे ११ टक्क्यांचा आहे.

‘पण मी जाड कुठे आहे?’ ही यावरची नेहमीची हरकत, आणि तिचे उत्तर पुण्यातूनच आलेले आहे. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी त्याच २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे दिसायला सारखेच सडपातळ. पण यडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर बारीक दिसूनही मेद बाळगते, हे त्यांनी मधुमेहाच्या संदर्भात दाखवले. श्वासरोधाला पोटावरचा आणि मानेभोवतीचा मेद लागतो, काट्यावरचा आकडा लागत नाही. त्यात जबडा लहान किंवा मागे सरकलेला असेल तर कमी वजनातही मार्ग मिटतो. स्त्रियांच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी आहे. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यातले प्रमाण वाढते, पण घोरण्याची लाज वाटते, आणि त्या झोपेऐवजी डोकेदुखी, निद्रानाश, चिडचिड अशा तक्रारी सांगतात. त्यामुळे त्यांच्या हाती बऱ्याचदा झोपेची गोळी पडते, आणि त्यातल्या काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात.

तपासणी म्हणजे रुग्णालयात एक रात्र तारा लावून झोपणे. हल्ली बोटावर, छातीवर आणि नाकाशी लावायच्या छोट्या उपकरणाने ती घरीही करता येते. उपचारांत वजन उतरवणे, रात्रीची दारू बंद करणे, कुशीवर झोपणे, काहींसाठी जबडा पुढे धरणारी पट्टी. आणि मध्यम ते तीव्र आजारासाठी सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पुढे आणलेले सीपॅप यंत्र, जे मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवते. यंत्र दहा हजारांच्या पटीत जाते आणि मुखवटा लावून झोपणे पहिले काही आठवडे नकोसे वाटते, हे आक्षेप मी हलके मानत नाही. याचे गुणगान करताना अतिशयोक्तीही होते. हृदयविकाराच्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णांवर भारतासह सात देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेव्ह या मोठ्या चाचणीत सीपॅपने हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी तीन-सव्वातीन तासच वापरले होते हा एक मुद्दा, पण निष्कर्ष तसाच सांगायला हवा. त्याच चाचणीत दिवसाची झोप मात्र कमी झाली आणि मनःस्थिती सुधारली. म्हणून ज्याला दिवसा झोप येते त्याने हे यंत्र त्या झोपेसाठी घ्यावे. तेवढे कारण पुरेसे आहे.

श्वासरोधही नसेल तर नार्कोलेप्सीसारखे विरळ आजार उरतात. बहुधा पौगंडावस्थेत किंवा विशीत सुरू होणाऱ्या या आजारात मेंदूला जागे ठेवणारे ओरेक्सिन हे रसायन, ज्याचा शोध १९९८ मध्ये लागला, तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. खळखळून हसल्यावर गुडघे लुळे पडणे हे त्याचे विलक्षण लक्षण. अशा मुलाला वर्गात झोपतो म्हणून वर्षानुवर्षे बोलणी खावी लागतात. दिवसा दोन-दोन तासांच्या अंतराने झोपवून किती मिनिटांत झोप लागते हे मोजण्याची चाचणी त्याच्यासाठी आहे, आणि औषधेही आहेत.

मुलांचा विषय निघाला आहे तर शाळेच्या वेळेबद्दल बोलले पाहिजे, कारण तिथे झोप व्यक्तीची राहत नाही, व्यवस्थेची होते. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा मांडल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा आदेश काढला. झोपेसाठी सरकारने शाळेचे घड्याळ हलवले ही मोठी गोष्ट होती. पण शरीराचे घड्याळ पुढे सरकते ते वयात येताना. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही, ती केवळ मोबाइलमुळे नव्हे, आणि सकाळी सातच्या वर्गाला बसणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांचीच झोप सर्वांत जास्त कापली जाते. सवलत ज्यांना मिळाली त्यांच्याहून ज्यांना मिळाली नाही त्यांची गरज मोठी आहे. बसगाड्या आणि दोन सत्रांच्या इमारती हे अडथळे खरे आहेत, पण चौथीपर्यंत ते ओलांडता आले.

आणि रस्ता. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य असेल तर गाडी चालवणे गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात आणि नजर शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी चुकते. सकाळी सहाला उठून दिवसभर काम केलेला माणूस रात्री अकराला गावाकडे जायला गाडी काढतो तेव्हा त्याचे सतरा तास भरलेले असतात. नाक्यावर त्याच्यापुढे धरलेल्या यंत्रात काहीही दिसत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभराहून अधिक मीटर चालकाविना. काच खाली करणे आणि गाणी मोठ्याने लावणे यांचा उपयोग नाममात्र आणि थोडा वेळच होतो, हे ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठाच्या प्रयोगांत दिसले. उपयोग झाला तो सुरक्षित जागी थांबून कॉफी घेण्याचा आणि पंधरा मिनिटांच्या झोपेचा.

खासगी चालकाला हे सांगून भागेल. पोटासाठी बस किंवा ट्रक चालवणाऱ्याला भागणार नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली होती. असा कायदा पाळला जाईल तिथेही तो काम मोजतो, झोप मोजत नाही. श्वासरोध असलेला चालक नियमाप्रमाणे पूर्ण रजा घेऊन येतो आणि तरीही झोपाळलेलाच असतो. परवान्याच्या अर्जाबरोबर भरायच्या प्रकृतीच्या घोषणेत फीट, अचानक शुद्ध हरपणे, भोवळ यांविषयी विचारले जाते. घोरणे आणि दिवसाची झोप यांविषयी नाही. तिथे आठ प्रश्नांची मापनश्रेणी, मानेचा घेर आणि रक्तदाब एवढे जोडले, आणि संशय येईल त्याला घरी नेण्याचे तपासणी-उपकरण दिले, तर खर्च एका अपघाताच्या नुकसानभरपाईपेक्षा खूप कमी होईल. नोकरी जाईल या भीतीने चालक खोटे उत्तर देतील, हा आक्षेप सर्वांत बिनतोड आहे. ब्रिटनमध्ये यावर काढलेला मार्ग असा: झोप येत असेपर्यंत गाडी चालवायची नाही, उपचाराने ती आटोक्यात आली की परत चालवायची. आपल्याकडे एसटी, पीएमपीएमएल आणि खासगी वाहतूकदारांनी ही दुसरी अट आधी लेखी द्यावी, उपचाराच्या काळात पगारासह दुसरे काम आणि त्यानंतर तीच गाडी, आणि मगच चालकासमोर प्रश्नावली ठेवावी.